रॉकेटची गोष्ट सांगताना व्हॉल्व्ह आणि पाइपही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, ऑबर्न गावच्या एका शेतात रॉबर्ट गॉडर्ड यांनी द्रवइंधनावरचे पहिले रॉकेट उडवले, त्याला १६ मार्च २०२६ रोजी शंभर वर्षे पूर्ण झाली. असे निमित्त आले की शाळांत तक्ते लागतात, थर्मोकोलचे नमुने उभे राहतात, भाषणे होतात. हे चांगलेच आहे. पण गोष्ट बहुतेक वेळा एकाच साच्यातून निघते: एका माणसाने स्वप्न पाहिले, लोक त्याला हसले, रॉकेट उडाले आणि पुढे माणूस चंद्रावर गेला. मधल्या वीस वर्षांत नेमके काय केले, काय फुटले, का फुटले आणि ते कसे दुरुस्त झाले, हे कुणी सांगत नाही.

दोन महायुद्धांच्या मधली ती वीस वर्षे म्हणजे गळके सांधे, गोठलेले व्हॉल्व्ह, वितळलेली नॉझल (वायू बाहेर पडण्याची तोंडे) आणि अर्धा सेकंद उशिरा पेटलेले इंधन यांच्याशी घेतलेली झोंबाझोंबी होती. आमचे म्हणणे एवढेच, की मुलांना ही झोंबाझोंबी सांगा. सांगली, मिरज, कुपवाडच्या मुलांना ती पटकन कळेल. लेथ, फाउंड्री, पंप, ऑक्सिजनची टाकी आणि साखर कारखान्यातले अल्कोहोल या गोष्टी त्यांच्या घरापासून लांब नाहीत.

सुरुवात दारूच्या रॉकेटपासून करावी. कवठे एकंदची दसऱ्याची आतषबाजी आपल्या जिल्ह्यात कुणाला माहीत नाही? शोभेच्या दारूत जळणारा पदार्थ आणि त्याला जाळणारा ऑक्सिजन एकत्र कालवलेला असतो. कोळसा व गंधक जळतात आणि सोरा ऑक्सिजन पुरवतो. एकदा वात लागली की थांबवणे नाही, कमी-जास्त करणे नाही. शिवाय दारू जिथे जळते तिथेच ती साठवलेली असते, त्यामुळे सबंध नळीला जळण्याचा दाब सोसावा लागतो आणि नळी जाड करावी लागते. गॉडर्ड यांनी १९१५-१६ च्या सुमारास वूस्टर येथे मोजमाप केले, तेव्हा बाजारात मिळणाऱ्या दारूच्या रॉकेटमध्ये इंधनातल्या ऊर्जेपैकी जेमतेम दोन टक्के ऊर्जा कामी येत असल्याचे दिसले. मग त्यांनी पोलादी कप्पा, बिनधुराची दारू आणि वाफेच्या टर्बाइनला असते तसे आधी अरुंद व मग रुंद होणारे नॉझल वापरले. वायू बाहेर पडण्याचा वेग सेकंदाला सुमारे २,४०० मीटरपर्यंत गेला. मात्र तो पोलादी कप्पा जड होता आणि दारू थोडीच मावत होती. बंदुकीच्या काडतुसांसारखे एकामागून एक बार आत ढकलणारी यंत्रणाही त्यांनी करून पाहिली, पण ती काही जमली नाही. तेव्हा १९२१ च्या सुमारास ते द्रवइंधनाकडे वळले. द्रव पातळ पत्र्याच्या टाकीत ठेवता येतो. जळण्याचा दाब आणि ताप छोट्या कप्प्यातच राहतो आणि व्हॉल्व्ह फिरवून आग कमी, जास्त किंवा बंद करता येते. द्रवइंधनाचा खरा फायदा हा होता. ‘जास्त जोरदार फटाका’ म्हणून तो सांगू नये.

एक चूक इथेच दुरुस्त करायला हवी, कारण ती अजूनही तक्त्यांवर दिसते. रॉकेट मागच्या हवेला रेटून पुढे जात नाही. १३ जानेवारी १९२० रोजी न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात याच गैरसमजावर गॉडर्ड यांची खिल्ली उडवली होती आणि अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ रोजी, दुरुस्ती छापली. गॉडर्ड यांनी हवा काढून घेतलेल्या नळीत रेटा मोजून हा प्रश्न आधीच निकालात काढला होता. मुलांना समजवायचे तर असे समजवावे: बंद कप्प्यात वायूचा दाब सगळ्या भिंतींवर सारखा असतो. एका बाजूला तोंड उघडले की तिथे दाब घ्यायला भिंतच राहत नाही. समोरच्या भिंतीवरचा दाब शिल्लक राहतो आणि तोच रॉकेटला ढकलतो. बाहेर हवा असली काय आणि नसली काय.

आता द्रव ऑक्सिजन. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात द्रव ऑक्सिजनच्या उभ्या पांढऱ्या टाक्या करोनाच्या काळापासून सर्वांच्या ओळखीच्या झाल्या आहेत. टाकीखालच्या पाइपांवर भर उन्हात बर्फाचा जाड थर दिसतो, तो आधी मुलांना दाखवा. हा द्रव उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो. त्यामुळे हवेतला दमटपणा व्हॉल्व्हच्या दांड्यावर आणि बारीक छिद्रांत गोठतो आणि व्हॉल्व्ह अडकतो. त्या काळातल्या कितीतरी चाचण्या इंजिनामुळे नाही, तर व्हॉल्व्ह वेळेवर न उघडल्यामुळे फसल्या. ग्रीस किंवा तेलाचा डाग द्रव ऑक्सिजनच्या वाटेत राहिला तर ठोका बसताच भडका उडू शकतो, म्हणून प्रत्येक जोड तेलमुक्त धुवावा लागतो. एक लिटर द्रव तापून नेहमीच्या तापमानाचा वायू झाला की सुमारे ८६० लिटर होतो. दोन बंद व्हॉल्व्हच्या मधल्या पाइपात थोडासा द्रव अडकून राहिला, तरी तो पाइप फाडतो. त्या भागाला दाब सोडणारा व्हॉल्व्ह लागतोच. चामड्याचे आणि रबरी वॉशर या थंडीत काचेसारखे कडक होतात. शंभर वर्षांपूर्वी हे सगळे प्रत्येकाला फोडून-मोडूनच शिकावे लागले.

ऑबर्नचे ते रॉकेट जवळून पाहू. उंची सुमारे दहा फूट. पण त्याला आपण काढतो तसे गुळगुळीत अंग नव्हते, पातळ नळ्यांचा उघडा सांगाडा होता. इंजिन वर, टोकाला. पेट्रोलची आणि द्रव ऑक्सिजनची टाकी खाली. मधले दोन लांब पाइप इंधन वर नेत आणि तेच सांगाड्याचे खांब. वरच्या इंजिनाची ज्वाळा सरळ टाक्यांवर पडू नये म्हणून टाकीवर अॅस्बेस्टॉस लावलेले शंकूसारखे झाकण होते. सुरुवातीचा दाब बाहेरच्या ऑक्सिजन सिलिंडरमधून रबरी नळीने दिला. उड्डाणानंतर दाब टिकावा म्हणून ऑक्सिजनच्या टाकीखाली छोटा स्पिरिटचा दिवा जळत होता. एका लांब काठीला बांधलेल्या ब्लोलॅम्पने साहाय्यकाने वरचा पेटवण पेटवला. इंजिन गरजू लागले, तरी रॉकेट हलले नाही. त्याच्या वजनापेक्षा रेटा कमी होता. काही सेकंद इंधन जळून वजन घटले आणि मगच ते चौकटीतून हळूहळू वर सरकले. अडीच सेकंदांत ४१ फूट उंची गाठून ते १८४ फुटांवर कोबीच्या वाफ्यात पडले. नॉझलचा खालचा भाग जळून गेलेला होता. गॉडर्ड यांच्या पत्नी एस्थर यांच्याकडच्या चावीच्या सिने-कॅमेऱ्याची फिल्म रॉकेट हलण्याआधीच संपली, म्हणून त्या उड्डाणाचे चलच्चित्र नाही.

इंजिन वर का? यात एक चुकीची समजूत दडलेली आहे आणि ती आजही चांगल्या चांगल्यांना फसवते. बैल गाडीला पुढून ओढतो म्हणून गाडी सरळ मागे येते. तसे इंजिन वर ठेवले की टाक्या खाली लोंबकळतील आणि रॉकेट लंबकासारखे आपोआप सरळ राहील, असे वाटते. पण बैल गाडीला पक्का जखडलेला नसतो. गाडी वळली तरी तो आपल्या दिशेनेच ओढतो. रॉकेटचे इंजिन मात्र अंगाला जखडलेले असते. अंग जितके कलले तितकाच रेटाही कलतो, परत सरळ करणारे काही उरत नाही. गुरुत्वाकर्षण वस्तुमानाच्या मध्यावर लागते, ते रॉकेट फिरवत नाही. लंबकाला वरून धरणारा खिळा असतो, रॉकेटला तो खिळाच नाही. त्यामुळे वर इंजिन ठेवून स्थैर्य मिळत नाही, उलट ज्वाळेपासून टाक्या वाचवण्याचा ताप मात्र वाढतो. गॉडर्ड यांनी लवकरच इंजिन तळाशी नेले. स्थैर्यासाठी शेवटी जायरोस्कोप (जोरात फिरताना आपली दिशा न सोडणारे चाक) आणि ज्वाळेच्या झोतात हलणारी पाती लागली. १९३२ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेल येथे त्यांनी अशी यंत्रणा उडवून पाहिली. २८ मार्च १९३५ रोजी जायरोने सावरलेले रॉकेट ४,८०० फुटांवर गेले आणि २६ मार्च १९३७ चे एक रॉकेट ८,००० ते ९,००० फुटांवर. जर्मनीत बर्लिनच्या रॉकेट मंडळानेही वर इंजिन असलेली रॉकेटे बरीच बनवली. म्हणजे ही चूक कुणा एकाची नव्हती.

सगळ्यांत छळले ते उष्णतेने. पेट्रोल आणि ऑक्सिजनची ज्वाळा तीन हजार अंशांच्या घरात जाते. पोलाद दीड हजाराच्या आसपास वितळते, तांबे १,०८५ ला, अॅल्युमिनियम ६६० ला. नॉझलच्या गळ्याशी, जिथे तोंड सर्वांत अरुंद असते, तिथे उष्णतेचा मारा सर्वांत जास्त. जाड भिंत केली तर काही सेकंद धातू स्वतःच उष्णता पिऊन घेतो, पण वजन वाढते आणि शेवटी वितळतोच.

जर्मनीत या प्रश्नाची सगळी उत्तरे ओळीने चुकत-माकत सापडली. हर्मान ओबर्थ यांचा १९२२ चा प्रबंध हायडेलबर्ग विद्यापीठाने नाकारला. त्यांनी तो १९२३ मध्ये पुस्तक म्हणून छापला आणि तो वाचूनच पुढची पिढी कामाला लागली. ५ जुलै १९२७ रोजी ब्रेस्लाऊ येथे अंतराळप्रवास मंडळ स्थापन झाले. २३ जुलै १९३० रोजी ओबर्थ यांच्या शंकूच्या आकाराच्या इंजिनाने सरकारी रसायन संस्थेत ९० सेकंद सुमारे ७ किलोचा रेटा दिला. ७ किलो ऐकायला किरकोळ वाटते, पण दीड मिनिट न वितळता चालणे हे त्या दिवसाचे यश होते.

त्याच मंडळाचे ‘मिराक’, म्हणजे सर्वांत छोटे रॉकेट. त्याची घडण दिवाळीच्या बाणासारखी होती. वर गोळीच्या आकाराचे डोके, खाली लांब अॅल्युमिनियमची नळी. डोक्यात द्रव ऑक्सिजन, नळीत पेट्रोल. पेट्रोलला दाब द्यायला सोडा वॉटर बनवताना वापरतात तसले कार्बन डायऑक्साइडचे काडतूस. तांब्याचा जळण-कप्पा त्यांनी मुद्दाम ऑक्सिजनच्या टाकीच्या बुडातच बसवला. हिशेब असा, की उणे १८३ अंशांचा द्रव शेजारी असला तर कप्पा गार राहील आणि द्रवाची थोडी वाफ होऊन टाकीला दाबही मिळेल. कागदावर एका दगडात दोन पक्षी. प्रत्यक्षात उष्णता हवी त्यापेक्षा कितीतरी पट जास्त गेली, ऑक्सिजन खदखदून उकळला, दाब सोडणारा व्हॉल्व्ह तेवढी वाफ बाहेर टाकू शकला नाही आणि सप्टेंबर १९३० मध्ये टाकी फुटली. पुढच्या वसंतात दुसरे मिराकही गेले. उकळायला टेकलेला द्रव गार करायला वापरू नये, हा त्यातला धडा. त्यात आणखी उष्णता घ्यायची ताकदच नसते. जी घेतो ती सगळी वाफेत जाते आणि वाफ भिंतीला गार ठेवू शकत नाही.

मग त्यांनी कप्पा टाकीबाहेर काढला आणि त्याभोवती दुहेरी भिंत करून मध्ये पाणी भरले. हे ‘रेपुल्सोर’. बर्लिनमधल्या रायनिकेनडॉर्फच्या पडक्या दारूगोळा कोठाराच्या जागेवरून १४ मे १९३१ रोजी ते सुमारे ६० मीटर उडाले आणि त्याच उन्हाळ्यात पुढच्या नमुन्यांनी किलोमीटरभर उंची गाठली. पाण्याचीही अडचण होतीच. पाणी रॉकेटला ओझे असते, ते जळत नाही. मग जे इंधन कप्प्यात जायचेच आहे, तेच आधी दुहेरी भिंतीतून फिरवून आणले तर? मोटारीच्या रेडिएटरचे पाणी इंजिनात जाऊन जळले असते तर जसे झाले असते, तसे. व्हिएन्नात युजेन झेंगर यांनी १९३३-३४ मध्ये या पद्धतीवर डिझेलसारख्या तेलावर चाचण्या केल्या. अमेरिकेत जेम्स वाइल्ड यांचे छोटे इंजिन १० डिसेंबर १९३८ रोजी सुमारे ४० किलोचा रेटा देत तेरा सेकंदांहून जास्त चालले आणि न जळता शाबूत राहिले. इथे नजर ठेवायची ती वेगावर. भिंतीतला पन्हळ इतका अरुंद हवा की द्रव जोरात वाहील. कुठे तो संथ झाला की तिथे बुडबुडे धरतात, बुडबुड्यामागची भिंत कोरडी पडते आणि क्षणात भोक पडते. गॉडर्ड यांनी वेगळी वाट घेतली. कप्प्याच्या आतल्या भिंतीवर थोडे जास्तीचे इंधन पडद्यासारखे सोडले. आजच्या मोठ्या इंजिनांत या दोन्ही युक्त्या एकत्र असतात.

आता अल्कोहोल, जो आपल्या जिल्ह्याच्या ओळखीचा. जर्मन सैन्याच्या इंजिनांनी पेट्रोल सोडून अल्कोहोल धरले आणि त्यात पाणी मिसळले, शेवटी सुमारे ७५ टक्के अल्कोहोल व २५ टक्के पाणी. इंधनात मुद्दाम पाणी घालणे वेडेपणा वाटेल. पण पाण्याने ज्वाळेचे तापमान उतरते आणि पन्हळातून जाताना हे मिश्रण पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता घेते. शिवाय एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो, तर एक किलो शुद्ध अल्कोहोलला सुमारे २.१ किलो. म्हणजे ऑक्सिजनची टाकी लहान करता येते. ऊर्जा थोडी कमी मिळाली, पण इंजिन टिकले. आपल्याकडे उसाच्या मळीपासून इथेनॉल बनते हे मुलांना पाठ असते. त्याच इथेनॉलवर पहिले मोठे रॉकेट, जर्मनीचे व्ही-२, उडाले, हे त्यांना क्वचितच माहीत असते.

पेटवण हा तिसरा शत्रू. गॅसची शेगडी आधी सुरू करून काडी उशिरा लावली की ‘भप्प’ होते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. रॉकेटच्या कप्प्यात तेच हजार पटीने होते. तिथे हवा नसून शुद्ध ऑक्सिजन असतो आणि तोही द्रव. २१ डिसेंबर १९३२ रोजी बर्लिनजवळ कुमर्सडॉर्फच्या सैन्याच्या तळावर तरुण अभियंता वेर्नर फॉन ब्राउन यांनी लांब काठीच्या टोकाला जळते पेट्रोल धरून अल्कोहोल-ऑक्सिजनचे इंजिन पेटवायचा प्रयत्न केला. इंधन आधी साचले, ज्वाळा मागून लागली आणि चाचणीचा सगळा ओटा उद्ध्वस्त झाला. त्यांचे पुढचे रॉकेट ए-१ देखील पेटायला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाल्यामुळेच फुटले. यावर उतारा असा निघाला, की आधी कप्प्यात छोटी पण पक्की ज्वाळा हवी, मग दोन्ही द्रव बारीक धारेने सोडायचे आणि आग स्थिर जळताना दिसली की मगच पूर्ण उघडायचे. योहानेस विंकलर यांचे उदाहरणही मुद्दाम सांगण्यासारखे आहे. द्रव मिथेन आणि द्रव ऑक्सिजनवरचे त्यांचे रॉकेट १४ मार्च १९३१ रोजी डेसाऊजवळ उडाले. युरोपातले हे पहिले द्रवइंधन रॉकेट. दुसरे, मोठे रॉकेट ६ ऑक्टोबर १९३२ रोजी पिलाऊच्या किनाऱ्यावर पेटवताक्षणी फुटले. व्हॉल्व्हमधून गळलेले मिथेन रॉकेटच्या बंद कवचात साचले होते. इंजिनात काही दोष नव्हता. गळती होणारच असे धरून कवच हवेशीर ठेवणे, ही त्यावरची साधी गोष्ट. माक्स व्हालियर तर १७ मे १९३० रोजी बर्लिनमध्ये चाचणीच्या वेळी कप्पा फुटून छातीत तुकडा घुसल्याने गेले. ते इंजिनाच्या शेजारी उभे होते. त्यानंतर वाळूच्या पोत्यांमागून आणि लांबून दोरीने व्हॉल्व्ह ओढण्याची शिस्त हळूहळू सर्वत्र आली.

इंधन कप्प्यात ढकलायचे कसे? कप्प्यात आधीच दाब असतो, त्याहून जास्त दाबाने द्रव आत गेला पाहिजे. टाकीत नायट्रोजन भरून ढकलले तर काम सोपे, पण टाकीला तेवढा दाब सोसायला जाड व्हावे लागते आणि रॉकेट मोठे होईल तसे हे वजन परवडत नाही. मग पंप. किर्लोस्करवाडीच्या जिल्ह्यात सेंट्रिफ्युगल पंप काय असतो हे समजवावे लागत नाही. विहिरीवरची मोटर ‘हवा धरते’ आणि पाणी सोडते, तोच आजार इथेही आहे. उकळायला टेकलेला ऑक्सिजन पंपाच्या तोंडाशी दाब कमी होताच वाफ होतो, पाते रिकामे फिरते, इंजिनाला झटके बसतात. म्हणून पंप असला तरी टाकीत थोडा दाब ठेवावाच लागतो. जर्मन व्ही-२ रॉकेटचा पंप सेकंदाला सुमारे सव्वाशे किलो द्रव ढकलत असे आणि त्याला फिरवणारी वाफ हायड्रोजन पेरॉक्साइडपासून मिळत असे.

मॉस्कोच्या लोकांबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिले जाते. १९३१ मध्ये स्थापन झालेला ‘गिर्द’ हा गट सादोवाया-स्पास्काया रस्त्यावरच्या तळघरात काम करी. ‘गिर्द’ हे लघुनाव होते; त्याच्या अक्षरांना गमतीने वेगळे शब्द लावून ते स्वतःला ‘फुकट काम करणारे इंजिनिअर’ म्हणत. फ्रिडरिख त्सांडर यांनी पहिले इंजिन चक्क ब्लोलॅम्पमध्ये फेरफार करून, पेट्रोल आणि दाबाखालची हवा वापरून बनवले. त्यांचे १९३३ मध्ये टायफसने निधन झाले. १७ ऑगस्ट १९३३ रोजी नाखाबिनो येथे तिखोनरावोव यांचे रॉकेट सुमारे ४०० मीटर उडाले. त्यातली युक्ती बघण्यासारखी आहे: पेट्रोल राळेत घट्ट करून कप्प्यातच ठेवले आणि फक्त ऑक्सिजन टाकीतून सोडला, तोही स्वतःच्या वाफेच्या दाबावर. म्हणजे एक टाकी, एक पाइप, एक व्हॉल्व्ह कमी. पंप नाही, नायट्रोजन नाही. उड्डाण संपले ते कप्पा आणि नॉझलच्या जोडातून वायू फुटून बाहेर पडल्यामुळे. बाजूला रेटा बसला आणि रॉकेट कलले. एका फ्लँजचा जोड, बस्स. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला अल्कोहोल आणि द्रव ऑक्सिजनवरचे पूर्ण द्रवइंधन रॉकेट उडाले, पण इंजिनाची बैठक सुटल्याने ते ८० मीटरच्या आसपासच गेले. लेनिनग्राडला ग्लुश्को नायट्रिक आम्ल आणि केरोसीन वापरत होते. हे गोठत नाही आणि साठवता येते, पण धातू खाते. पुढे १९३८ मध्ये ग्लुश्को आणि ‘गिर्द’चे प्रमुख राहिलेले कोरोल्योव दोघांनाही अटक झाली आणि काम कित्येक वर्षे मागे पडले.

जर्मनीतली वाट तर सरळ युद्धात गेली. व्हर्सायच्या तहात रॉकेटचा उल्लेख नव्हता, म्हणून सैन्याला ती पळवाट मिळाली. डिसेंबर १९३४ मध्ये बोर्कुम बेटावरून दोन ए-२ रॉकेटे दोन किलोमीटरच्या आसपास गेली, १९३७ मध्ये पेनेम्युंडचे रॉकेट केंद्र उभे राहिले आणि तिथे घडलेले व्ही-२ पुढे लंडन व अँटवर्पवर पडले. ते बनवताना छळछावणीतले हजारो कैदी मेले. मुलांना तंत्र सांगताना हे वगळू नये, वगळले तर गोष्ट खोटी होते.

आपल्या देशाचा या काळातला धागाही नीट सांगावा. कोलकात्याच्या स्टीफन स्मिथ यांनी ३० सप्टेंबर १९३४ पासून रॉकेटने टपाल पाठवण्याचे प्रयोग केले, १९३५ मध्ये दामोदर नदीपलीकडे जिवंत कोंबडा-कोंबडीही पाठवली. ते प्रयोग सुंदर होते, पण दारूच्या रॉकेटवर होते. त्यांना द्रवइंधनाच्या यादीत घालणारे तक्ते चुकीचे आहेत.

आता एक काळजीची गोष्ट. असे काही वाचले की उत्साही मुले गच्चीवर प्रयोग करायला जातात. पेट्रोल, अल्कोहोल, ऑक्सिजन सिलिंडर, काड्यांचा गूल यांतले काहीही वापरून घरी किंवा शाळेत रॉकेट करू नये. वर जे अपघात सांगितले ते सगळे जाणत्या, प्रशिक्षित लोकांचे आहेत. स्फोटके परवान्याशिवाय बनवणे १८८४ च्या स्फोटक कायद्याने गुन्हाही आहे. पण नुसते ‘नको’ म्हणून भागत नाही, म्हणून पाण्याचे रॉकेट सुचवतो. वर सांगितलेल्यापैकी निम्मे धडे त्यातून मिळतात.

दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्यावी. साध्या पाण्याची पातळ बाटली नको, ती दाबाला फाटते. तोंडाला घट्ट रबरी बूच आणि त्यातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. बाटलीत ६०० ते ७०० मिलीलिटर पाणी, म्हणजे एक तृतीयांश. पाणी कमी घेतले तर ढकलायला वस्तुमानच नाही, जास्त घेतले तर हवेला जागा नाही. ३५ ते ४० पौंड हवा पुरे, त्यापुढे जाऊ नये. मीटर नसलेला पंप वापरू नये. सोडायची खिट्टी किमान पाच मीटर दोरीने ओढावी, डोळ्यांना चष्मा, आणि बाटलीवर वाकून कुणी पाहू नये. ओरखडे किंवा पांढुरक्या रेषा दिसल्या की बाटली टाकून द्यावी. दाब चढत नसेल तर साबणाचे पाणी लावून बुचाशी बुडबुडे बघावेत. विंकलर यांचे मिथेन असेच गळले होते.

मग खरा प्रयोग. पहिल्या बाटलीला तोंडाच्या बाजूला, म्हणजे उडताना खाली राहणाऱ्या टोकाला, वजन लावा, पंख नकोत: वजन खाली असूनही ती उडताच गरगरते. दुसरीला वरच्या टोकाशी ६०-७० ग्रॅम शाडू आणि खाली पुठ्ठ्याचे तीन पंख: ती सरळ जाते. उडवण्याआधी तोलबिंदूला दोरी बांधून बाटली डोक्याभोवती फिरवून पाहावी. टोक पुढे ठेवून फिरली तर उडताना सरळ जाईल. मागे-पुढे भिरभिरली तर शाडू वाढवा किंवा पंख मोठे करा. आठवीच्या मुलांना एका दुपारी हे होते आणि इंजिन वर ठेवल्याने रॉकेट सरळ का राहत नाही, हे मग फळ्यावर सांगावे लागत नाही.

संपादक महोदय, आपल्या बालपुरवणीत एक विनंती पूर्ण करावी. १९२६ च्या त्या रॉकेटचा उभा छेद पानभर छापा. त्यात वरचे इंजिन, लांब पाइप, अॅस्बेस्टॉसचे झाकण, टाकीखालचा स्पिरिटचा दिवा आणि बाहेरून आलेली रबरी नळी, सगळ्यांवर मराठीत नावे घाला. नॉझलचा जळून गेलेला भाग तुटक रेषेने दाखवा. शिक्षकांना तो वर्गात लावता येईल. आकृतीतल्या तपशिलासाठी मदत लागली तर आम्ही ती आनंदाने करू.

कळावे,
आपले,
विश्रामबाग परिसरातील काही विज्ञान-शिक्षक व यंत्र-अभियंते, सांगली